मोंढ्यातलं स्नेहभोजन आणि दोन मिलमधली भिंत

उदगीर,
एप्रिल १९८६

तीर्थस्वरूप चंद्रप्पा दाजींच्या पायी गुरुलिंगचा शरणार्थ.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे असल्या उन्हाळ्यात माणसाला जितकं खुशाल राहता येतं तितके. तुमच्या गुडघ्याची तकलीफ कमी झाली का? अक्का रोज तेल चोळून देते असं कळलं, आणि तुम्ही ते लावून लगेच कापसाच्या जिनिंगवर चक्कर मारायला जाता असंही कळलं. दाजी, तसं करू नये. उमा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते आणि म्हणते, की पत्र लांब होणार आहे, तेव्हा दाजींनी जेवण उरकून मगच उघडावं. (तिचा माझ्या पत्रांवर राग नाही, लांबीवर आहे.)

माझ्या धंद्याचं तर तुम्हाला ठाऊकच आहे. डाळ मिलच्या चाळण्या करणारा मी माणूस. तूर आली तर मिल फिरणार, मिल फिरली तर चाळणी फाटणार, आणि चाळणी फाटली तर माझ्या घरी चूल पेटणार. दोन वर्षं पाऊस नाही, तूर नाही, त्यामुळे गावातल्या सगळ्या चाळण्या नव्याकोऱ्या आहेत. शेवटी दुकानाला कुलूप लावून हैदराबादला एखाद्या कारखान्यात लागावं असं मनात पक्कं होत आलं होतं. उमाला मी बोललो नव्हतो, पण तिनं माझी ट्रंक आपणहून पुसून ठेवली होती, त्यावरून तिला कळलंय हे समजलो.

अशातच एक दिवस लातूरहून कुणी साहेब आले. आमचा लातूर जिल्हा उस्मानाबादपासून वेगळा होऊन चार वर्षं होत आली (आमच्या पोस्टातल्या बाबूंना हे अजून पटलेलं नाही, ते अधूनमधून उस्मानाबादच लिहितात), तेव्हा नव्या जिल्ह्यातल्या कारखानदारांनी एकमेकांना ओळखलं पाहिजे, एकत्र बसून जेवलं पाहिजे, असं ते बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान हलवताना जरा जोरात हलवली असणार, कारण संध्याकाळपर्यंत उदगीरच्या स्नेहभोजनाचा जिम्मा माझ्या गळ्यात होता.

जागेची फिकीर नव्हती. मोंढ्याच्या बाजारात धान्यच नाही, त्यामुळे गोदामं रिकामी. पत्रिकेवर मी 'उद्योजक परिचय स्नेहभोजन' असं छापून घेतलं. इथं पहिली चूक झाली. 'परिचय' एवढाच शब्द नजरेत भरल्यामुळे निलंग्याच्या रुक्मिणबाई म्हणून एक बाई पुतणीचा फोटो आणि कुंडली घेऊन सकाळीच येऊन बसल्या. त्यांना समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "असू द्या की. उद्योजक बिनलग्नाचे नसतात का?"  त्या जेवायला थांबल्या.

दुसरी चूक मी समजून उमजून केली. आमच्याकडचे दोन मोठे कारखानदार म्हणजे डाळ मिलचे विरूपाक्षअप्पा आणि तेल मिलचे रामकिशनशेठ. दोघांच्या मिलच्या मध्ये एकच भिंत, त्या भिंतीत पिंपळ उगवला, आणि तो कुणी काढायचा यावरून दोघांचं बोलणं बंद. पिंपळ वाढला, भिंत तडकली, दोघंही म्हातारे झाले, पण बोलणं बंदच. अप्पांना आमंत्रण द्यायला गेलो तर त्यांनी विचारलं, "शेठ येणार हाय का?" मी म्हणालो, न्हाई. शेठजींकडे गेलो तर त्यांनी अप्पांबद्दल तेच विचारलं. मी तेच म्हणालो. (दाजी, मी खोटं बोललो हे मला त्या वेळीही कळत होतं. पण या दोघांशिवाय उदगीरचं स्नेहभोजन म्हणजे लातूरच्या लोकांना रिकामं गोदाम दाखवणं.)

दोघंही एकाच वेळी दारात आले. एकमेकांकडे त्यांनी पाहिलंच नाही. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी अप्पांना गोदामाच्या एका टोकाला बसवलं आणि शेठजींना दुसऱ्या टोकाला, आणि पाणी विचारायला म्हणून आत पळालो, तर आत पाणीच नव्हतं. आचारीण सिद्धम्मा तांदळाच्या परातीसमोर हाताची घडी घालून बसली होती. खिरीचे गहू कांडून ठेवलेले, गूळ फोडलेला, वांगी चिरायची राहिलेली, आणि त्या खिरीचं, म्हणजे हुग्गीचं, पातेलं कोरडं ठणठणीत. सांगून ठेवलेला पाण्याचा टँकर आलाच नव्हता.

"नीरु इल्ला," सिद्धम्मा म्हणाली. मग मला कळावं म्हणून मराठीतही म्हणाली, "पाणी न्हाई. भाषण करा तुमी, तेवढ्यात तांदूळ मऊ होतो का बघू."

बाहेर माणसं येतच होती. लातूरची जीप निघाल्याचा निरोप होता.  गावात पाणी होतं ते अप्पांच्या मिलमधल्या विहिरीत, आणि ते आणायला टँकर होता तो शेठजींच्या आवारात. मी अप्पांसमोर जाऊन उभा राहिलो.

"अप्पा, विहिरीत पाणी हाय का?"

"हाय की. पण आणणार कशात?"

"शेठजींच्या टँकरात."

अप्पांनी शेठजींच्या टोकाकडे पाठ फिरवली. मग म्हणाले, "त्यांना इचार, टँकर तेलाचा हाय का पाण्याचा."

मी गोदामाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन विचारलं. शेठजी म्हणाले, "त्यांना सांग, पाण्याचाच हाय. तेलाला गिऱ्हाईक कुठं हाय आता?" असे निरोप घेऊन मी गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून राहिलो होतो, आणि जमलेले कारखानदार माझ्याकडे टेनिसची मॅच बघावी तसे बघून राहिले होते. टँकर अप्पांच्या फाटकातून आत जात नाही, फाटक अरुंद. शेवटी असं ठरलं, की टँकर शेठजींच्याच आवारात भिंतीला लागून उभा करायचा आणि अप्पांच्या विहिरीवरून पाइप त्या तडकलेल्या भिंतीतून काढायचा. दोघांचाही एकमेकांवर भरवसा नाही, म्हणून दोघंही जातीनं देखरेखीला गेले.

विहिरीत पाणी तळाला होतं, त्यामुळे पाइपातून गाळच यायला लागला. मी दुकानातून नवी चाळणी आणली, कापली, गुंडाळली आणि पाइपाच्या तोंडाला तारेनं बांधली. गिऱ्हाईक नसलेल्या मालाचा असा काही उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. पाणी स्वच्छ यायला लागलं. भिंतीच्या अलीकडून अप्पा ओरडत होते, "चालू करू का?" आणि पलीकडून शेठजी म्हणत होते, "थांबा, थांबा, पाइप निसटला." मोटारीच्या आवाजात दोघांच्याही हे ध्यानात आलं नाही, की ते एकमेकांशी बोलून राहिलेत. मी ते ध्यानात आणून दिलं नाही.

इकडे लातूरची मंडळी येऊन बसली होती. जेवण दुपार कलल्यावर निघणार होतं. त्यामुळे झालं असं, की भुकेली माणसं दुसरं काही करता येईना म्हणून खरोखरच एकमेकांशी बोलायला लागली. (जेवण वेळेवर मिळालं असतं तर हात धुवून सगळे चालते झाले असते.) लातूरच्या नव्या औद्योगिक वसाहतीत बोअरच्या पंपांचं काम करणाऱ्या पंचशीला सोनकांबळे म्हणून एक तरुण बाई आहेत, त्या पाण्याची भानगड बघायला थेट विहिरीपाशीच आल्या. पाइपाचं तोंड बघून म्हणाल्या, "ही जाळी कुणी केली?"

मला वाटलं, काहीतरी चुकलं. मी म्हणालो, "तातडीचं काम हाय, बाई. चाळणी कापून केली."

"मी असल्या जाळ्या बाहेरून मागवते, आणि त्या वेळेवर येत नाहीत. सगळा जिल्हा बोअर पाडून राहिलाय. तुम्ही करून द्याल का?"

 दाजी, मी 'हाव, देतो' म्हणालो एवढंच आठवतं. मग उमाला सांगायला घरी पळत गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं, आत गेली आणि पुसून ठेवलेल्या ट्रंकेत गोधड्या भरून टाकल्या.

पंगत बसली तेव्हा अप्पा आणि शेठजी गुडघ्यापर्यंत भिजलेले. जागा एकाच ओळीत उरली होती, तरी दोघांनी मध्ये एक पान रिकामं सोडलं. पंचशीलाबाई उशिरा आल्या आणि सरळ त्या रिकाम्या पानावर बसल्या. एका बाजूनं अप्पा म्हणायचे, "त्यांना सांगा, वरण चांगलं झालंय," आणि बाई मान वळवून सांगायच्या. हुग्गी दुसऱ्यांदा वाढायला आली तेव्हा बाईंनी, मला जेवायचं आहे असं सांगून निरोप न्यायचं बंद केलं.  मग अप्पा पुढं वाकून म्हणाले, "शेठ, ह्या गुरुलिंगानं मला सांगितलं, तुमी येणार न्हाई म्हणून."

"मलाबी तेच सांगितलं," शेठजी म्हणाले.

"लई खोटारडा हाय."

"लईच."

इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट. मी तिथंच भात वाढत उभा होतो. वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरंही वाटलं.

असो. अक्काला नमस्कार, लहान्यांना आशीर्वाद. गुडघा जपावा.

तुमचा मेहुणा,
गुरुलिंग

ता. क. एक सांगायचं राहिलं. आभार मानताना मी भरात बोलून गेलो, की पुढचं स्नेहभोजन देगलूरला, आमच्या दाजींच्या जिनिंगवर. जिल्हा दुसरा असला म्हणून काय झालं, तालुका शेजारचाच. फार टाळ्या पडल्या. अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार ठरला आहे. तुम्हाला काही करायचं नाही, फक्त सावली आणि जेवण.

ता. क. अक्काला मी आधीच विचारलं होतं, तिनं होकार दिल्याचा निरोप बसच्या कंडक्टरजवळ कालच आला. तेव्हा वरचा मजकूर विनंती म्हणून न वाचता माहिती म्हणून वाचावा.

ता. क. अप्पा आणि शेठजी एकाच जीपमधून येणार आहेत. त्यासाठी दोघांनी मिळून एकच अट घातली आहे, की गुरुलिंग यायचा नाही. मी कबूल केलं. तेव्हा सगळं तुम्हालाच बघावं लागेल. जमल्यास माझं पान वाढून, बांधून उदगीरच्या बसमध्ये कंडक्टरजवळ द्यावं.