एक ते दोन, गोपनीय

तीर्थरूप आत्या,

तुला वाकून नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्षात वाकले तर परत उभं करायला माणूस लागेल, कारण मोठी खुर्ची मिळाल्यापासून माझी पाठ धरली आहे). तुझा गुडघा काय म्हणतो? कानातलं यंत्र लावतेस, की अजून ते डबीत जपून ठेवतेस आणि शेजारणीलाच मोठ्याने बोल म्हणून दटावतेस? इकडे माझं सगळं उत्तम चाललं आहे. इतकं उत्तम, की ते सांगायला कोणी सापडेना, म्हणून तुला चार पानं खरडते आहे. काम असं काही नाही. सहज.

तर तीन महिन्यांपूर्वी मला विभागप्रमुख केलं, हे तुला माहीतच आहे. आमच्या सॉफ्टवेअर कंपनीत त्या खुर्चीवर आजवर एकही बाई बसली नव्हती, त्यामुळे कौतुकाचा नुसता पूर आला. जिन्यात माझा मोठा फोटो लावला (त्यात माझा एक डोळा मिटलेला आहे, पण छापून झाल्यावर ते लक्षात आलं), ऐंशी बायकांपुढे माझं भाषण ठेवलं, आणि त्यात मी छातीठोकपणे सांगितलं की माझं दार सगळ्यांसाठी कायम उघडं आहे. दार काचेचं आहे आणि त्याला अशी स्प्रिंग बसवली आहे, की ते आपोआप बंद होतं. भाषणानंतर एका मुलीने विचारलं, की वर पोचल्यावर कसं वाटतं? मी म्हणाले, उत्तम प्रश्न आहे. (आमच्याकडे उत्तर येत नसलं की असं म्हणतात. तेवढं एक मी फार लवकर शिकले.)

खरी गंमत जेवणाच्या सुट्टीत झाली. अकरा वर्षं मी खिडकीजवळच्या लांब टेबलावर त्याच सहा-सात जणांबरोबर जेवत आले. तिथे आमचा मुख्य उद्योग म्हणजे विभागप्रमुखाच्या नावाने बोटं मोडणं. त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. जुन्या साहेबांच्या खोकल्याची नक्कल तर फक्त मीच करायचे. बढतीच्या दुसऱ्या दिवशी तुझा जुना तीन पुडांचा डबा घेऊन मी नेहमीसारखी तिथे जाऊन बसले, आणि टेबलावर अशी शांतता पसरली, की मला माझंच चावणं ऐकू यायला लागलं. मग एकाने हवा छान पडली आहे म्हटलं. दुसऱ्याने दुजोरा दिला. चार दिवस आम्ही हवेवर बोललो. पाचव्या दिवशी हवाही संपली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला, की बोटं मोडण्याचा उद्योग बंद पडलेला नाही, फक्त आता तो उद्योग माझ्यावर चालतो, आणि मी तिथे बसून त्यात मोडता घालते आहे. फोनवरचा आमचा जुना ग्रुपही थंड पडला. सगळ्यांनी मला वगळून नवा काढला आहे, हे मला कोणी सांगितलं नाही, पण जुन्यात महिनाभर माझ्या एकटीच्याच शुभेच्छा पडून आहेत, यावरून मी काय ते समजले.

आता केबिनमध्ये बसून जेवावं, तर चारी बाजूंनी काच. येणारा-जाणारा बघणार, बाई एकटीच डबा खाते. म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरची एक खोली शोधून काढली. तिला खिडकी नाही. मोडक्या खुर्च्या आणि जुने मॉनिटर ठेवायला ती वापरतात. एका खोक्यावर डबा मांडायचा, दुसऱ्यावर आपण बसायचं. पण त्या वेळात कोणी शोधत येऊ नये, म्हणून मी एक शहाणपणा केला. ऑफिसातल्या प्रत्येकाचं कॅलेंडर सगळ्यांना दिसतं. कोण कधी मोकळं आहे ते बघून लोक मीटिंग लावतात. तर मी त्यात रोजचा एक ते दोन हा तास अडवून टाकला आणि वर लिहिलं: "गोपनीय बैठक". खोलीचा नंबरही इमानदारीत भरला (अकरा वर्षांची सवय, तो भरल्याशिवाय माझं बोट पुढे सरकत नाही). कोण कोण येणार, ती जागा रिकामी सोडली, कारण येणार कोण होतं?

आत्या, या एका ओळीने मजल्यावर आग लावली. रोज, तासभर, गोपनीय, आणि उपस्थितांची नावं लपवलेली! म्हणजे माणसं कमी करणार, यादी तयार होते आहे, असा सगळ्यांचा पक्का समज झाला. लोक मला लिफ्टमध्ये आधी जाऊ द्यायला लागले. एकाने आपल्या लहान मुलाचा फोटो माझ्या वाटेत येईल असा टेबलावर ठेवला. आठवडाभरात मोठ्या साहेबांनी मला बोलावून घेतलं आणि जरा दुखावल्या आवाजात विचारलं, की या बैठकीत मी कसा नाही? खरं सांगायला माझी जीभ रेटेना. मी म्हणाले, अजून प्राथमिक टप्पा आहे. ते म्हणाले, दिशा योग्य आहे, चालू ठेवा.

हे सगळं उघडकीला आणलं आमच्या शंकासुराने. ही माझ्या टीममधली एक मुलगी. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं काम, आणि तिला सतत शंका येतात म्हणून हे नाव. माझ्या जुन्या जागेवर टीमची प्रमुख म्हणून मी तिचंच नाव सुचवलं आहे. तिच्याइतकं लख्ख डोकं मी दुसरं पाहिलेलं नाही. तर एक दिवस सव्वा वाजता दार वाजलं आणि ही हातात फाईल घेऊन आत आली. त्या यादीत आपलं नाव आहे असं तिने धरलंच होतं, आणि जायचंच तर आपलं काम दाखवून जाऊ, म्हणून चार वर्षांचं सगळं छापून आणलं होतं. मी खोक्यावर, तोंडात घास. तिने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "मॅडम, बाकीचे कुठेत?"

मी म्हणाले, बाकीचे कोणी नाहीत. तरी तिने कपाटामागे डोकावून पाहिलं (शंकासुरच ती). मग ती हसली. खूप हसली. मीही हसले. आणि मग ती एकदम हसायची थांबली आणि माझ्या डब्याकडे बघत राहिली. मला इतकी लाज अकरा वर्षांत कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या टीमला खरं काय ते सांगून टाकलं आणि उद्या माझ्याबरोबर जेवायला या म्हणून रीतसर निमंत्रण धाडलं, तेही अर्थात कॅलेंडरमधूनच, कारण दुसरी रीत मी विसरूनच गेले आहे. बाराच्या बारा जण आले. वेळेवर आले. वह्या घेऊन आले. कोणी आधी घास घेईना, शेवटी मी घेतला. दोन वाजता सगळे एकदम उठले, आणि अडीचला मला बैठकीचं इतिवृत्त आलं: "भाजीत मीठ कमी असल्याचे मॅडमनी निदर्शनास आणले. कार्यवाही: नाही." त्या इतिवृत्तावर मी पाच मिनिटं हसले, आणि नंतर केबिनचे पडदे ओढून घेतले. पुढे काय झालं ते लिहीत नाही. ती बैठक मी रद्द केली.

असो. बाकी सर्व ठीक. गुडघ्याला शेक देत जा, आणि माझी काळजी करू नकोस.

तुझी,
(मिटलेल्या डोळ्याची) भाची

ता. क. काम काही नाही असं वर लिहिलं, ते खोटं आहे. शंकासुराने प्रमुखपद घ्यायचं की नाही, हे महिनाअखेर सांगायचं आहे. ती खोली पाहिल्यापासून तिचं मन होत नाही. त्या दिवशी खोलीतून जाताना तिने मला विचारलं, की एकटीने जेवायची सवय होते का? मी म्हणाले, उत्तम प्रश्न आहे. तिने ते वाक्य माझ्या भाषणानंतर ऐकलेलं असल्यामुळे ती नुसती उभी राहिली. मी तिला महिनाअखेर खरं उत्तर देईन असं कबूल केलं आहे.

ता. क. दुसरा. यावर फोन करू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईचा आवाज फोनवर कधी हलत नाही. तू मला सहज गुंडाळशील. लिहून कळव. पस्तीस ऑपरेटर मुली एका खोलीत जेवायच्या, आणि तू, त्यांची सुपरवायझर, कुठे जेवायचीस? तू सहा वाजता घरी यायचीस, मी पायरीवर वाट बघत बसलेली असायचे, आणि तुझ्या डब्यात रोज अर्धं उरलेलं असायचं. ते तू माझ्यासाठी राखून ठेवतेस असं मी सगळ्या शाळेला सांगितलं होतं. आता माझाही डबा रोज अर्धा घरी येतो, आणि माझ्या पायरीवर कोणी नसतं. मी खायला लागले की तूही शेजारी टेकायचीस, माझ्याबरोबर चार घास खायचीस आणि म्हणायचीस, आत्ता कुठे भूक लागली बघ. मला तेव्हा नवल वाटायचं, की एवढ्या मोठ्या बाईला भूक नेमकी सहा वाजताच कशी लागते.