पुढे झुकलेल्या पंखांचं विमान

१२ जानेवारी, रविवार. गाझियाबाद.
मेसरश्मिट २६२ चं किट उघडलं. दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं जेट, मॉडेल वीतभर लांब. संकल्प: २६ जानेवारीच्या आत पूर्ण. दुपारी पंख चिकटवले. सुमित्रा चहा घेऊन आली. म्हणाली, अहो, हे उलटे नाही का लागले? मागे झुकायचे ते पुढे झुकलेत.
पाच मिनिटं बघत राहिलो. मग लक्षात आलं की हे उलटे नाहीत. हे अल्टरनेटिव्ह डिझाइन आहे. युद्ध आणखी वर्षभर चाललं असतं तर जर्मनांनी हेच बनवलं असतं. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, अच्छा.

१५ जानेवारी. ऑफिस.
नोटशीटच्या मागे ड्रॉइंग काढत होतो. अंडर सेक्रेटरींनी पाहिलं. क्या है, विचारलं. म्हटलं, अल्टरनेट प्रपोजल. म्हणाले, फाइल पे लाओ.

१९ जानेवारी, रविवार.
बळवंत आला. मानेसरहून शेअर ऑटो, मग दोन मेट्रो. एअरफोर्समध्ये वीस वर्षं फिटर होता, आता पार्ट्सच्या फॅक्टरीत आहे. मराठी मॉडेलवाला दिल्लीत दुसरा नाही, म्हणून मैत्री. विमान हातात घेऊन बराच वेळ फिरवत होता. थक्क झाला असावा. म्हणाला, सर, नाकात वजन घाला, नाहीतर शेपटीवर बसेल. वीस वर्षं नट आवळलेल्या माणसाला डिझाइन काय कळणार? हसून सोडून दिलं.
जाताना काहीतरी विचारत होता. मी पॉलिश पेपर मारत होतो. हं म्हटलं. एक पिशवी घेऊन गेला.

२६ जानेवारी.
पूर्ण झालं नाही. परेड बघण्यात सकाळ गेली. ते राष्ट्रीय कर्तव्य. संध्याकाळी कॉकपिटच्या काचेला ग्लू लागला, काच पांढरी झाली. आता हे पायलटशिवाय उडणारं विमान आहे. १९४६ च्या मानाने फारच पुढचं.

२ फेब्रुवारी, रविवार.
चाकं लावली. शेपटीवर बसलं, नाक आकाशात. टेकऑफची पोज म्हणून ठेवलं.
दिल्लीतल्या मॉडेल प्रदर्शनाचा फॉर्म भरला. १६ तारखेला. कॅटेगरी: काल्पनिक विमानं. दोन-तीन वर्षांपासून भरायचा म्हणत होतो, या वेळी बक्षीस नक्की.

५ फेब्रुवारी.
दिल्लीत मतदान, ऑफिसला सुट्टी. आमचं मत गाझियाबादला, म्हणजे पूर्ण दिवस विमानाला. रंग द्यायचा होता. झोप लागली.

९ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९.
दगा.
मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर बळवंतने फोटो टाकलाय. मेसरश्मिट २६२. पंख पुढे झुकलेले! जोड कुठे दिसत नाही. रंग असा की खरंच उडून आल्यासारखं. खाली लिहिलंय, १६ ला भेटू. छत्तीस लोकांचे अंगठे.
माझ्या घरी चहा प्यायला, माझी कल्पना उचलली, एका शब्दाने विचारलं नाही.
सुमित्रा म्हणते, विचारलं होतं. कपाटातलं तुमचं जादा किट घेऊन असंच एक करून बघू का, असं दोनदा विचारलं. तुम्ही हं म्हणालात. पिशवी मीच दिली.
म्हणजे घरातही दगा. दुपारी जेवलो नाही. संध्याकाळी साबुदाणा खिचडी होती म्हणून थोडी खाल्ली.

१० फेब्रुवारी. ऑफिस.
आयोजकांना तक्रारीची मेल. दोन पानं, तीन परिशिष्टं, ड्रॉइंगची स्कॅन कॉपी. विषय: संकल्पनेच्या चोरीबाबत. मागणी: सदर प्रवेशिका रद्द करावी. इतकं चांगलं ड्राफ्टिंग मी खात्यासाठीही केलेलं नाही. सुमित्राला सांगितलं नाही.

१३ फेब्रुवारी.
उत्तर आलं. पुढे झुकलेले पंख जर्मनांनी त्याच युद्धात प्रत्यक्ष उडवून पाहिले होते, त्यामुळे ही कुणाची खाजगी कल्पना मानता येत नाही. तथापि, तक्रारीबद्दल फोन करताच श्री. बळवंत यांनी आपलं विमान स्वतःहून मागे घेतलं आहे. त्यांचा फॉर्म सोबत जोडला आहे.
जिंकलो! मन खात असणार त्याला. ग्रुपवर त्याला नमस्कार टाकला, मोठ्या मनाने. रात्री दोनदा ग्रुप उघडून पाहिला.

१६ फेब्रुवारी, रविवार. संध्याकाळी साडेपाच.
प्रदर्शनातून परतलो.
आमच्या कॅटेगरीत दोनच प्रवेशिका होत्या. एक मागे घेतल्यावर एकच उरली. एकाची स्पर्धा होत नाही म्हणाले. कॅटेगरी रद्द. माझं विमान नवशिक्यांच्या टेबलावर, तिसरीतल्या एका मुलीच्या रणगाड्याशेजारी. तिला उत्तेजनार्थ मिळालं.
निघताना आयोजक बाईंनी बळवंतचा फॉर्म दाखवला. आपने पढ़ा नहीं था क्या, म्हणाल्या. बांधणी: बळवंत. संकल्पना: श्री. श्यामकांत, गाझियाबाद. माझं नाव वर, ठळक अक्षरांत.
म्हणजे मला न विचारता माझं नाव वापरलं. हाही एक प्रकारचा विश्वासघातच.
सुमित्राने विचारलं, काय झालं? म्हटलं, कॅटेगरी रद्द झाली. का, ते सांगितलं नाही. बळवंत भेटले का? म्हटलं, गर्दी होती.
आत येऊन त्याला फोन लावला. पूर्ण रिंग गेली. परत लावला. तिसऱ्यांदा लावला.
रविवार आहे. झोपला असेल.