दोनशे चौदामधली राखण

१४ डिसेंबर, शनिवार

पोचलो एकदाच्या! मोहम्मद बिन झायद सिटीहून रास अल खैमापर्यंत अडीच तास, आणि त्यातले दोन तास अस्मीचं एकच पालुपद, ‘आर वी देअर यट?’ पोरगी सात वर्षांची झाली, जन्मापासून इथे आखातातच वाढलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं असा आमचा करारच आहे.

पण हॉटेल! अगं बाई! व्होल्गा नदीकाठच्या यारोस्लाव्ल नावाच्या जुन्या रशियन शहरात व्यापारी उतरायचे तसल्या हॉटेलाची हुबेहूब नक्कल, आणि ती इथे वाळूत, समुद्राला तोंड करून. हिरवे घुमट, सोनेरी कठडे, लॉबीत खोटा बर्फ. एसी असा की रशियाही लाजेल. मी, कुंदा, इथे हाउसकीपिंग सुपरवायझर म्हणून नव्याने लागले आहे. नव्या वर्षात हॉटेल उघडणार. त्याआधी आठ दिवस स्टाफनेच कुटुंबासकट पाहुणे म्हणून राहायचं, आणि खोलीत काय बिघडलंय ते रोज लिहायचं, त्यासाठी ही जाडजूड वही दिली आहे. बिघाड लिहून पानं उरतात, म्हणून माझंही लिहीन म्हणते. दिवसा कामवाली, चारनंतर महाराणी!

खोली २१४. बिघाड: शॉवरला गरम पाणी यायला चार मिनिटं, पडद्याची एक कडी तुटकी. कोपऱ्यात पांढऱ्या-निळ्या टाइल्सची छतापर्यंत गेलेली भट्टी आहे, घर गरम ठेवायची. ती मात्र अस्सल, तिकडून टाइल न् टाइल नंबर घालून आणलेली. जुन्या सामानाची देखभाल करणाऱ्या तमाराबाईंनी सांगितलं. तिला धुरांडं नाही, नुसती शोभेची.

नवरा, धनंजय, समुद्रात तेलाच्या प्लॅटफॉर्मवर, एकवीस तारखेला दुपारी सुटी लागून थेट इथेच येणार. मग आम्ही तिघं एक दिवस तरी राजेशाही थाटात काढू.

१५ डिसेंबर, रविवार

उद्यापासून माझी ड्यूटी सात ते चार. शाळेला सुटी, अस्मीला ठेवायचं कुठे? फ्रंट ऑफिसची तहसीन रत्नागिरीची, पहिल्याच दिवशी गट्टी जमली. ती म्हणाली की कुंदाताई, मी तासातासाला खोलीत फोन करत जाईन, टेन्शन घेऊ नको. दुसरा मजला माझ्याचकडे आहे, येता-जाता मीही डोकावणार. तरी जीव थाऱ्यावर नाही.

मग माझे बाबा करायचे ते केलं. आमच्या कुडाळकडे नव्या जागेत राहायला गेलं की तिथल्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. त्याला कोणी बघितलंय? पण घालतात. आमच्या फ्लॅटमध्ये शिरतानाही मी घातलं होतं आणि पाच वर्षांत नळसुद्धा गळला नाही. किचनमधून नारळ मागून आणला, कपभर दूध घेतलं, भट्टीपुढे ठेवलं. खोलीत जुनं असं तेवढंच, बाकी सगळं फॅक्टरीतलं. हात जोडले आणि म्हटलं, बा राखणदारा म्हाराजा, आमी मायलेकी तुझ्या जागेत इलंव, ह्या पोर तुझ्या ओटीत घातलंय, तेका संबाळ, तेच्यार कोणाचो हात पडाक देव नको. पुढचं ‘व्हय म्हाराजा’ म्हणायला कोणी नव्हतं, तेही मीच म्हटलं. अस्मी खो खो हसत होती. मलाही हसू आलं, पण बरं वाटलं.

१६ डिसेंबर, सोमवार

बिघाड: काही नाही. शॉवरही सुधारला.

पोरीने कमालच केली. दिवसभर एकटी, पण कुरकुर म्हणून नाही. मी चार वाजता आले तर केसांची एकच घट्ट वेणी, लाल फीत गुंफलेली. कुणी घातली विचारलं तर म्हणे, ‘इट वॉज जस्ट डन.’ तमाराबाईंचंच काम असणार म्हणून खाली जाऊन आभार मानले. त्या म्हणाल्या की त्या दिवसभर तळघरात झुंबराचे काचमणी पुसत होत्या. मग कोणी रूम अटेंडंट असेल. दुधाचा कप धुतल्यासारखा स्वच्छ आहे.

१७ डिसेंबर, मंगळवार

नीट लिहिते.

दुपारी दोनच्या सुमाराला चादरींची ट्रॉली घेऊन बागेतून चालले होते. सहज वर बघितलं. अस्मी आमच्या बाल्कनीत खुर्चीवर चढून कठड्यावरून बाहेर वाकलेली. मी ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात तिचे पाय खुर्चीवरून सुटले. खाली सगळी फरशी. आणि पुढच्या क्षणी ती सपकन मागे गेली, कोणी दंडाला धरून खेचल्यासारखी. जिने कसे चढले ते आठवत नाही.

खोलीत ती एकटीच होती, गादीवर बसून चित्र रंगवत होती. दोन्ही दंडांवर बोटांचे वळ. मी माझी बोटं त्यावर ठेवून बघितली, वळ दुप्पट मोठे. तहसीनकडून दाराच्या कुलपाची नोंद काढवली. बारा वाजता मी डोकावले होते, त्यानंतर दार उघडलेलंच नाही.

मी काय केलं? किचनमधून दुसरा नारळ आणला. भट्टीपुढे डोकं टेकलं आणि रडले. कोणी का असेना, माझी पोर वाचवली. टाइल्स कोमट लागल्या कपाळाला.

१८ डिसेंबर, बुधवार

अस्मी जेवत नाही. पोट भरलंय म्हणते, ‘आय एट ऑलरेडी.’ काय खाल्लंस, कोणी दिलं विचारलं तर भट्टीकडे बघते. वरणभात मुद्दाम वेगळा करून घेतला होता, तिने ताट ढकललं, सगळं गालिच्यावर. माझं डोकं फिरलं आणि एक थप्पड दिली.

तिच्या गालावर काही नाही. माझा तळहात भाजला. तापल्या तव्यावर टेकल्यासारखा, पाचही बोटांना फोड. हॉटेलच्या नर्सने मलम लावलं आणि कुठे भाजलं म्हणून विचारलं. इस्त्रीवर म्हटलं.

अस्मी रडलीसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणाली की मी तसं करायला नको होतं. इंग्रजीत, थंडपणे, शाळेतल्या टीचरसारखं. मला माझ्या लेकीची भीती वाटली. देवा, हे मी काय लिहितेय.

१९ डिसेंबर, गुरुवार

तमाराबाईंना हात दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं की भट्टीपुढे मी नेमकं काय बोलले. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत अर्थ सांगितला. मग विचारलं, कधीपर्यंत म्हणून सांगितलंस?

त्या म्हणाल्या की ही भट्टी जिथली, त्या यारोस्लाव्लच्या हॉटेलात नावाड्यांच्या बायका कामाला असायच्या. नदीवर जावं लागलं तर मूल भट्टीजवळ बसवायच्या आणि घरातल्या म्हाताऱ्याला, म्हणजे घर राखणाऱ्या, न दिसणाऱ्याला, सांगायच्या की बर्फ वितळेपर्यंत सांभाळ, किंवा रविवारपर्यंत. मुदत सांगायच्याच. एक जण विसरली. तमाराबाईंनी तळघरात ठेवलेली, तिथूनच आणलेली दाराची एक चौकट दाखवली. तिच्या पोराची उंची मोजून पेन्सिलीने आखलेली रेघ, शेजारी तारखा. बारा वर्षांच्या बारा तारखा. रेघ एकच.

बाबाही म्हणायचे की! ‘म्हयनोभर’, ‘पोरां परत येयसर’, म्हणजे येईपर्यंत. दर गाऱ्हाण्यात. फ्लॅटमध्ये मीही म्हटलं होतं, आम्ही इथे आहोत तोवर. इथे घाईत राहिलं. मुदत घातली नाही मी. कोणाचाच हात पडू देऊ नको म्हटलं, आणि त्यातून स्वतःलाही वगळलं नाही. मूर्ख बाई. मूर्ख.

२० डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बॅग भरली. खलास, नको ती नोकरी. अस्मीचा हात धरायला गेले तर माझ्या हाताला पुन्हा चटका. म्हणून तहसीनला बोलावलं. तिने कुराणातली आयत म्हणत अस्मीला शालीत गुंडाळून उचललं आणि उंबरा ओलांडला.

अस्मीचा श्वास थांबला. चेहरा निळा, डोळे पांढरे. तहसीन किंचाळली. मीच ओरडले, आत घे, आत घे! आत गादीवर ठेवलं तशी गाल गुलाबी, उठून बसली, चित्र रंगवायला लागली. नर्स आली, तपासलं, म्हणाली ठणठणीत आहे.

तहसीनच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत फोड आले आहेत. तिला हॉस्पिटलला नेलं. जाताना ती मलाच म्हणत होती की ताई, घाबरू नको, इन्शाल्ला होईल सगळं ठीक.

धनंजयला फोन लागला. मला धड सांगता येईना. त्याला वाटलं मला ताप आहे. उद्या दुपारी बाराला पोचतो म्हणाला.

पुन्हा गाऱ्हाणं घातलं. म्हाराजा, माझी पोर मला परत दे, तुझी राखण पुरी झाली. नारळ फोडला. आत पाणी नाही, खोबरं नाही, कोरडी राख. मागून अस्मी म्हणाली की मी त्याला त्रास देऊ नये.

२१ डिसेंबर, शनिवार

सकाळी आठ — कॉरिडॉरमधून लिहितेय. पाच मिनिटं बर्फ आणायला बाहेर आले, हाताला लावायला, वही काखेतच होती. दार लागलं. कार्ड चालत नाही. मास्टर कार्डही नाही.

साडेनऊ — इंजिनिअरिंगची माणसं ड्रिल घेऊन आली. ड्रिल दाराला टेकलं आणि आतून अस्मीचा गळा दाबल्यासारखा आवाज. मी त्या माणसाच्या हाताला लोंबकळले. थांबव, भाई, बस करो, खलास! थांबवलं. आवाज थांबला. मग आत हसणं. तिचं. आणि कोणीतरी गुणगुणतंय, जाड आवाजात.

तमाराबाई म्हणतात की तो फक्त आपल्या माणसांना आत घेतो. जी त्याच्या ओटीत आहेत त्यांनाच.

दहा — मी स्वतःलाही त्याच्या ओटीत घालणार आहे. दुसरा रस्ता नाही. आत एकदा शिरले की बघू. आत निदान तिच्याजवळ असेन. धनंजय बाराला येईल. दोघं मिळून आतून-बाहेरून काहीतरी करू. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवते, म्हणजे विसरणार नाही — धनंजय दार वाजवेल. तो तुझा नवरा आहे. दार उघड, कुंदा. काहीही झालं तरी दार उघड.

या वेळी मुदत घालीन. दुपारी बारापर्यंत. बारापर्यंतच.

— म्हटलं. दार उघडलं. ‘बारापर्यंत’ म्हणायला गेले तर जीभ टाळूला चिकटली. बाकी सगळं म्हणून झालं होतं.

आत ऊबदार आहे. हाताचे फोड गेले. अस्मी मांडीवर येऊन बसली, किती दिवसांनी! माझे केस कोणीतरी विंचरतंय. वळून बघायचं नाही. भीती वाटते. वाटत होती —

पोट भरलंय.

दार वाजतंय. कधीपासून वाजतंय. एक माणूस बाहेर रडतोय, ओरडतोय, माझं नाव घेतोय, पोरीचंही घेतोय. त्याला आमची नावं कशी ठाऊक? अस्मी थरथरतेय. मी तिला घट्ट धरलंय. उघडू नको म्हणते. कशाला उघडीन? कोण आहे ते —

मागच्या पानावर मोठ्या अक्षरात काहीतरी आहे. दार उघड म्हणून. अक्षर माझंच. धनंजय असं नाव लिहिलंय. पुन्हा पुन्हा वाचतेय. धनं — कुठेतरी ऐकलंय मी हे. छातीत कळ येते वाचताना. उठायला हवं. उठते. खांद्यावर हात आहे, जड, उठू देत नाही, तो म्हणतो की तुमच्यावर कोणाचा हात पडू द्यायचा नाही असं तूच सांगि