पाय गार, पाठ गरम

६ जानेवारी, मंगळवार

रेश्माचं काल बारामतीत सिझर झालं. मुलगी. आठव्या महिन्यातच. वजन पावणेदोन किलो, काचेच्या पेटीत ठेवलंय. कुसुम, म्हणजे रेश्माची आई, माझी धाकटी जाऊ, शेळगावहून नेसत्या लुगड्यानिशी आली. मुक्काम आमच्याकडं जळोचीत. आल्या आल्या हात धरला, "अक्का, तुमी नर्स हाय. तुमी सांगाल तसं." नर्स होते, आता रिटायर. पण घरचे कुठं रिटायर करतात. दवाखान्याचा जिना तीन वेळा चढले. गुडघा बोंबलतोय.

७ जाने.

कुसुमनं दिवसभर अन्नाला हात लावला नाही. शेवटी बाहेरच्या कट्ट्यावर बसवून विचारलं, काय झालं ते सांग. "म्या रेश्माला दही खाऊ दिलं. मागत हुती, न्हाय म्हणवलं न्हाय. पोटात गारठा गेला." म्हटलं, दह्यानं काय होतंय, खुळी का शहाणी तू. तर म्हणाली, "माझ्या पहिल्याच्या वेळंला आत्याबाई ह्येच म्हणत हुत्या. म्या ताक प्यायचे म्हणून गेला म्हणं."

सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. कुसुमनं मात्र त्या दिवसापासून ताकाला तोंड लावलेलं नाही. तीस वर्षं. मला वाटायचं, आवडत नसेल. खोटं कशाला लिहू. मला माहीत होतं.

८ जाने.

डॉक्टरीणबाईंनी बाळंतिणींना आणि सोबतच्या बायकांना बसवून समजावलं. पोरगी रेश्माच्या वयाची, पण बोलते छान. मी मागं उभी, आपल्याला काय नवं या तोऱ्यात.

बाळाच्या अंगात तपकिरी चरबी असते. मानेमागं, दोन्ही खांद्यांच्या मधे पाठीवर, मूत्रपिंडांभोवती. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत साठते, म्हणून लवकर आलेल्या बाळाकडं थोडीच. आत असताना ती पेटत नाही, वारेतून येणारं काहीतरी तिला दाबून धरतं. नाळ कापली, अंगाला गार हवा लागली की पेटते, बाळाला ऊब देते. तिला श्वास लागतो, दूध लागतं. संपली की बाळ गार पडतं. म्हणून कोरडं पुसायचं, आईच्या छातीला लावायचं. आंघोळीची घाई नाही.

एक आजी म्हणाली, थंडी वाजली तर लेकरू कुडकुडतंय की, कळतंच. बाई म्हणाल्या, "नाही आजी. एवढं बाळ कुडकुडत नाही. गपचूप आतली चरबी जाळत राहतं. पाय गार पडतात आणि पाठ गरम लागते, तेव्हा ते झगडत असतं."

पुढचं ऐकलं नाही. बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं.

९ जाने.

लिहूनच टाकते.

शेळगाव, अशीच थंडी. माझी नोकरी नवी, घरातली पहिली शिकलेली सून. काय तो रुबाब. कुसुमला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या, गाडी मिळेना, पहाटे घरातच मी बाळंतपण केलं. मुलगा. अंगभर पांढरं लोणी माखलेलं. पाव्हणे बघायला येणार म्हणून डाळीचं पीठ लावून, चोळून चोळून आंघोळ घातली. एक नाही, दोन वेळा. कुसुम म्हणत होती, "अक्का, माझ्या पदराखाली द्या, गारठंल त्यो." मी म्हणाले, कुडकुडतोय का? गार असता तर कुडकुडला असता.

सगळी म्हणाली, किती शहाणं लेकरू, रडत नाही. दुपारी पाय हाताला गार लागले. मी मानेखाली, पाठीवर हात ठेवला. पाठ गरम. म्हणून सांगितलं, अंग गरम आहे, काळजी नको. दिवस मावळताना गेला.

आंघोळ चुकली, हे पुढं एका ट्रेनिंगात कळलं होतं. मान खाली घालून वहीत उतरवलं. गावोगाव बायकांना सांगितलं. घरात नाही सांगितलं. पण त्याची पाठ का गरम होती, ते काल कळलं.

१२ जाने.

बाळ पेटीतून बाहेर. उघड्या छातीला लावून बांधायचं, आळीपाळीनं. रेश्मा, मग कुसुम, मग मी. माझ्या पाळीला हात आपोआप पाठीवर गेला. गरम. पायही गरम. तरी घडीघडी पाय चाचपत होते. नर्स हसली, "मावशी, झोपू द्या की तिला."

डोळे मिटले की छातीवर दुसरंच वजन येतं. डोळे मिटले नाहीत.

१४, संक्रांत

रेश्मा आईला म्हणाली, "माझंच चुकलं ना गं? दही खायला नको होतं." कुसुम म्हणाली, "असू दे. आपल्या नशिबातच गारठा हाय."

म्हणजे आता हे लेकीला गेलं, उद्या नातीला जाणार. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात डबा आला. डबा उतरवायला किती वेळ लागतो? भित्री आहे मी.

१६ जाने.

सांगितलं. दुपारी, कट्ट्यावर. आंघोळ, पीठ, पाठ, सगळं. म्हटलं, ताकानं काही झालं नव्हतं कुसुम. मी गारठवला त्याला. आणि गप्प बसले, तुला ऐकून घेऊ दिलं.

ती पदराचा निघालेला दोरा ओढत राहिली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. उठली, हात धुतले, आत गेली. माझी पाळी आली तरी बाळ सोडलं नाही. मी मागितलं नाही. संध्याकाळी जळोचीला आली नाही, दवाखान्यातच राहते म्हणाली.

१७, शनिवार

सकाळी डबा घेऊन गेले. रेश्मानं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणजे तिला कळलंय. बाळ कुसुमच्या छातीला. तिनं मला शेजारी बस म्हणून खुणावलं.

"अक्का, पाठ गरम हुती म्हणालात. म्हंजी त्यो झगडत हुता."

हो म्हटलं.

"किती येळ?"

पहाट ते दिवस मावळेपर्यंत. इतकं साधं उत्तर. तरी म्हटलं, उद्या सांगते.

"या उद्या," म्हणाली. "पर खरं सांगा."