लंडनच्या बर्मंडसीतल्या इमारतींची नावं

प्रिय टेरी,

आपल्या बर्मंडसीतून राजाने मठवाल्यांना हाकललं, मग रस्त्याला मठाचं नाव पडलं. कातडी कमावणारे गेले, तर त्यांच्या कारखान्यात महागडे फ्लॅट झाले. पाटीवर नाव अजून कारखान्याचंच आहे, फक्त वास तेवढा काढलाय.

आता आपली इमारत पाडून टॉवर बांधणार. काल पालिकेची पोरगी आली.

"काकू, टॉवरला इथल्याच कुणाचं तरी नाव सुचवा ना!"

"माझं दे की."

"अहो, तुम्ही तर अजून इथेच राहता!"

मग तुझं दिलं. मेलबर्नला गेल्यापासून तू एक ओळसुद्धा लिहिली नाहीस, म्हणजे इतिहासात बसतोस. पोरगी खूश झाली.

मला कुठे हलवणार, ते तिला ठाऊक नव्हतं. कधी परत आलास तर घर शोधत फिरू नकोस. दारावर तुझंच नाव असेल. मी नसेन.

अजून इथेच असलेली तुझी बहीण,
जॅनिस