मामांना दिसणारी मामी

केज, गुरुवार, दिवेलागण

आज नांदूरघाटला जाऊन मामांना माझी नवी कथा वाचून दाखवली. कशाला दाखवली? कथेतला आंधळा म्हातारा माणसांच्या मनातलं ओळखतो, पुढचं सांगतो. डोळस गाव आंधळं आणि हा एकटाच बघणारा, असं मला म्हणायचं होतं. मामांचे डोळे जाऊन चाळीस वर्षं होत आली. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले,

"पोरी, तुझा आंधळा लई शहाणा हाय. मला तर समोर कोण बसलंय, तेबी बोलल्याबिगर कळत न्हाई."

मी ओशाळले. विचारलं, "मामा, काहीच दिसत नाही?"

"सपनात दिसतं की. माजलगावचं धरण, लांबवर पाणीच पाणी. काठावर तुझी मामी, हिरव्या लुगड्यात. पंचविशीची."

"आणि आता कशी दिसत असेल?"

"आता? तशीच हाय की."

तशीच! ते हिरवं लुगडं केव्हाच विरलं असेल. मामी चहा घेऊन दारातच थबकली होती. केस पांढरेशुभ्र, पुढचे दोन दात पडलेले. "निवतोय, घ्या," एवढंच म्हणाली आणि केसांवरून पदर पुढं ओढून घेतला. जणू ते बघतच होते.

परतताना जीपमध्ये तेच हिरवं लुगडं डोळ्यांपुढं, पाण्याच्या कडेनं हलणारं. माझ्या कथेतल्या म्हाताऱ्याला सगळं गाव कळतं, पण असं कुणी दिसत कसं नाही?

आल्या आल्या त्याची सगळी भाकितं खोडली. आता त्याला काहीच कळत नाही. फक्त एक बायको दिलीय त्याला.