हजेरी न घेणारी शाळा

टूनगॅबी, ऑगस्ट २०२१, मंगळवार संध्याकाळ

इराला दमा. लॉकडाऊन उठला तरी तिला वर्गात पाठवायची माझी हिंमत नाही. म्हणून अंब्रेला स्कूल शोधतेय. म्हणजे नाव त्यांच्याकडे, शिकवायचं घरी आपणच. आज फोनवर बोललेली शाळा परवडणारी आहे, वेळेची सक्तीही नाही. मग लगेच हो का म्हटलं नाही मी?

मी विचारलं, हजेरी कशी घेता? तिथली बाई हसली. "नो वरीज, हजेरी आम्ही घेतच नाही."

शिफ्टला निघता निघता निखिल म्हणाला, "अगं, आपल्या लेकीसाठी हेच हवं होतं ना तुला?"

हो, हवं होतं. पण हजेरी नाही म्हणजे रोज सकाळी तिचं नाव घेणारं माझ्याशिवाय कुणीच नाही. आणि मीच आडवी झाले तर? निखिल घरी नसताना तिला धाप लागली तर?

मघाशी स्वयंपाकघरातून हाक मारली, "इरा!" उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. तशीच पिठाच्या हातांनी धावले. बाईसाहेब हेडफोन लावून चित्र काढत बसलेल्या.

"व्हॉट, मम?"

"हाक मारली की 'हजर' म्हणायचं!" मी ओरडलेच.

तिनं हेडफोन काढला. "बट मम, मी एकटीच तर आहे."